दि. बा. पाटील आणि साडेबारा टक्के

कायदेमंडळाच्या सभासदाचें चरित्र सांगावयाचें म्हणजे वक्त्यापुढें एक अडचण उभी राहते. मंत्र्याचें चरित्र सांगणें त्या मानानें सोपें. त्यानें कोणतें खातें सांभाळलें, कोणतें धरण बांधलें, कोणता कायदा आणला, हें सरकारी दप्तरांत नोंदलेलें असतें. विरोधी बांकांवर बसून ज्यानें उभा जन्म काढला त्याच्या खात्यावर असें कांहीं जमा झालेलें नसतें. त्यानें विचारलेले प्रश्न, सुचविलेल्या दुरुस्त्या आणि केलेले सभात्याग हे कामकाजाच्या जाड ग्रंथांत बंदिस्त होऊन पडतात, आणि ते ग्रंथ कोणी उघडीत नाहीं.

दिनकर बाळू पाटील, ज्यांना सारा रायगड जिल्हा ‘दि. बा.’ ह्या दोन अक्षरांनीं ओळखतो, हे अशा सभासदांपैकीं एक होते. मंत्रिपद त्यांच्या वाट्याला कधीं आलें नाहीं. तरीहि नव्या मुंबईंत एक आंकडा असा आहे कीं, वाशीपासून उरणपर्यंत कोणत्याहि मूळ गांवांत तो उच्चारला तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाहीं. तो आंकडा म्हणजे साडेबारा टक्के. हा आंकडा सरकारच्या कागदावर कसा चढला, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

दि. बां.चा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजीं उरणजवळच्या जासई गांवीं एका आगरी शेतकरी कुटुंबांत झाला. जिल्हा कुलाबा, १९८१ पासून त्याला आपण रायगड म्हणतों. मुंबईच्या गोदीवर उभें राहून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे खाडीपलीकडे डोंगरांची जी निळसर रांग दिसते, तिच्या पायथ्याचा हा मुलूख. येथली शेती घाटावरच्या शेतीसारखी नव्हे. ती समुद्राकडून हातउसनी घेतलेली आहे. भरतीच्या पाण्याला बांध घालून जमीन अडवावयाची, पावसाच्या गोड्या पाण्यानें तिच्यांतला खार धुऊन काढावयाचा, मग कोठें तिच्यांत भात उभें राहतें. बाहेरकाठा फुटला तर रात्र असो कीं दिवस, सबंध गांवानें चिखलांत उतरून तो बांधावयाचा. उघाडीची फळी भरती-ओहोटी पाहून लावावयाची आणि काढावयाची. उरलेल्या दिवसांत मिठागरावर राबावयाचें किंवा खाडींत जाळें टाकावयाचें. ‘आगरी’ हें नांवच मुळीं मिठाच्या आगरावरून आलेलें आहे. अशा गांवाचा संसार एका सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मावत नाहीं. त्यांतला निम्मा बांधावर असतो आणि निम्मा पाण्यांत. पुढें जो तंटा माजला त्याचें मूळ ह्या साध्या गोष्टींत आहे, म्हणून ती आधीं सांगितली.

ह्या मुलखाला सरकारशीं झगडण्याची संवयहि जुनी. दि. बा. चार वर्षांचे होते तेव्हां, २५ सप्टेंबर १९३० रोजीं, जासईहून फारशा दूर नसलेल्या चिरनेर येथें जंगल सत्याग्रह झाला आणि अक्कादेवीच्या माळावर पोलिसांच्या गोळ्यांनीं सत्याग्रही शेतकरी पडले. तीनच वर्षांनीं अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांच्या जमिनी कसण्याचें नाकारलें, आणि तो संप १९३३ पासून १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षें, चालला. जमिनी पडीक राहिल्या, माणसें अर्धपोटीं राहिलीं, पण संप मोडला नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधानसभेंत १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मांडलें तें ह्याच वातावरणांत. गांवोगांवच्या घरांतून ह्या हकीकती ऐकत जी पिढी वाढली तींत दि. बा. होते.

ते शिकून वकील झाले. पनवेलला त्यांनीं वकिली केली, आणि शेतकरी कामगार पक्षांत ते आले. हा पक्ष १९४७ सालीं शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनीं काँग्रेसमधून फुटून काढला होता, आणि कुलाबा जिल्ह्यांत त्यानें जीं मुळें धरलीं तीं महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच इतकीं खोल गेलीं असतील. १९५७ च्या निवडणुकींत, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत, पनवेल मतदारसंघानें एकतीस वर्षांच्या ह्या वकिलाला विधानसभेंत पाठविलें.

ह्या १९५७ सालाकडे क्षणभर थांबून पाहिलें पाहिजे. त्याच वर्षीं १ एप्रिल रोजीं मुंबई राज्याच्या कूळकायद्यान्वयें ‘कृषक दिन’ आला. त्या दिवशीं जो जमीन कसत होता तो कायद्याच्या दृष्टीनें तिचा मालक मानला गेला. किंमत हप्त्यांनीं फेडावयाची होती, न्यायाधिकरणांपुढें हेलपाटे घालावयाचे होते, तें सारें खरें. तथापि चरीच्या संपवाल्यांनीं ज्याचें स्वप्न पाहिलें तें कागदावर उतरलें. कुळाचा मालक झाला तें वर्ष आणि दि. बा. आमदार झाले तें वर्ष एकच. तेथून पुरतीं पंधरा वर्षेंहि गेलीं नाहींत तोंच ह्या नव्या मालकाच्या दारांत सरकार जमीन मागावयास उभें राहिलें. खोताशीं भांडतां येत होतें, कारण तो माणूस होता. आतां गांठ सार्वजनिक प्रयोजनाशीं होती.

मुंबईची दाटी त्या वेळीं कशी वाढत होती हें आंकड्यांत सांगावयाचें तर १९६१ सालीं वस्ती साडेएकेचाळीस लाख होती ती १९७१ सालीं साठ लाखांच्या घरांत गेली. खाडीपलीकडे जुळें शहर वसवावें ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता ह्यांनीं १९६५ सालीं मांडली. सरकारला ती पटली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही कंपनी स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांचा सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचा टापू नव्या शहरासाठीं राखला गेला. १९७३ सालीं खाडीवर वाशीचा पूल झाला आणि मुंबईकर पलीकडे जाऊं लागला.

कल्पना उदात्त होती, हें मान्य केलें पाहिजे. परंतु तिचें अर्थशास्त्र आपण नीट समजून घेऊं. सरकारनें ह्या शहरासाठीं आपली तिजोरी रिती करावयाची नव्हती. जमीन संपादून सिडकोकडे द्यावयाची, सिडकोनें रस्ते, पाणी, वीज करावयाची आणि तीच जमीन विकसित भूखंड म्हणून वाढत्या भावानें विकावयाची. त्या वाढाव्यांतून पुढचे रस्ते आणि पुढचें पाणी. म्हणजे शहराचें भांडवल दुसरें कोणतें नसून शेतकऱ्याची जमीन हेंच होतें.

आणि ह्या भांडवलाची किंमत ठरवावयाची कशानें, तर १८९४ च्या ब्रिटिश अमदानींतील भूसंपादन कायद्यानें. त्या कायद्याप्रमाणें बाजारभाव धरावयाचा तो संपादनाच्या पहिल्या अधिसूचनेच्या तारखेचा. अधिसूचना निघाली त्या दिवशीं भाताच्या खाचराचा जो भाव, तो कायम. मग निवाडा पांच वर्षांनीं होवो कीं दहा वर्षांनीं. मध्यंतरीं शेजारीं पूल होवो, रस्ता होवो, त्याचा लाभ मालकाला नाहीं. शिवाय मोबदला ज्याच्या नांवावर उतारा त्याला. मिठागरावरच्या मजुराचें, खाडींत मासळी धरणाऱ्या कोळ्याचें नांव कोणत्या उताऱ्यावर असणार? हा निर्णय करणाऱ्या सिडकोचें कार्यालय त्या वेळीं नरिमन पॉइंटला होतें, आणि तो भागहि समुद्र हटवूनच मिळविलेला! तेथें भराव घालणाऱ्याला भरावाचें मोल मिळालें. बाहेरकाठा बांधणाऱ्याला मात्र खाचराचें.

दि. बां.चें मोठेपण मला ह्या ठिकाणीं दिसतें. अधिक मोबदला मागणें ही कोणत्याहि पुढाऱ्याला सुचणारी गोष्ट होती, आणि त्यांनींहि ती मागितलीच. पण त्यांच्यांतल्या वकिलानें हिशेबाचें मूळच पकडलें. जमिनीच्या वाढाव्यावर शहर उभें राहणार असेल, तर त्या वाढाव्यांत मूळ मालकाचा वांटा कां नाहीं? रोख रक्कम एकदां हातीं येते, लग्नांत, औषधांत, जुन्या देण्यांत जाते. विकसित जमिनीचा तुकडा हातीं राहिला तर शेतकरी नव्या शहरांत कांहीं तरी धरून राहील. शहराच्या वाढीबरोबर त्याचेंहि वाढेल. याचकाऐवजीं भागीदार, एवढाच हा फरक. पण सरकारी कारभारांत ह्या एका शब्दासाठीं वीस वर्षें गेलीं.

विधानसभेंत त्यांचें स्थान तोंवर पक्कें झालें होतें. १९५७, १९६२, १९६७ आणि १९७२ अशा चार निवडणुका पनवेलमधून त्यांनीं लागोपाठ जिंकल्या. १९७२ ते १९७७ ह्या काळांत ते विधानसभेचे विरोधी पक्षनेते होते. पनवेलचें नगराध्यक्षपदहि त्यांनीं सांभाळलें. १९७७ सालीं कुलाब्यांतून ते लोकसभेवर गेले, १९८० सालीं पुन्हां विधानसभेंत आले, आणि १९८४ अखेरच्या निवडणुकींत, सबंध देशांत काँग्रेसची लाट असतां, ते लोकसभेवर दुसऱ्यांदां निवडून गेले. त्या निवडणुकींत विरोधी पक्षाचे उमेदवार कसे पालापाचोळ्यासारखे उडाले हें ज्यांना आठवतें त्यांना ह्या विजयाचें वजन सांगावयास नको. परंतु त्या विजयाच्या मागें त्याच वर्षींचा जानेवारी महिना उभा होता.

१९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांतील जमिनींच्या संपादनाचा प्रश्न हातघाईवर आला. न्हावा-शेवा येथें नवें बंदर व्हावयाचें होतें आणि सिडकोलाहि जमिनींचा ताबा हवा होता. गांवोगांवचे स्त्री-पुरुष रस्त्यावर आले. १६ जानेवारीला जासईजवळ दास्तान फाट्यावर पोलिसांनीं गोळीबार केला. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर हे दोघे त्यांत पडले. दुसऱ्या दिवशीं, १७ तारखेला, नवघर फाट्यावर पुन्हां गोळीबार झाला आणि पागोटें गांवचे महादेव हिरू पाटील, केशव महादेव पाटील व कमलाकर कृष्णा तांडेल हे तिघे गेले. दोन दिवसांत पांच माणसें. चिरनेरला त्रेपन्न वर्षें झालीं होतीं, राज्य स्वकीयांचें होतें आणि मुख्यमंत्रिपदीं वसंतदादा पाटील यांच्यासारखा शेतकऱ्याचा मुलगा होता.

आंदोलनाचा नेता ह्या नात्यानें दि. बां.वर ह्या पांच मृत्यूंचें ओझें आयुष्यभर राहिलें असेल. जमावाला रस्त्यावर आणणारा आमदार जबाबदारींतून सुटतो काय, असा प्रश्न तेव्हांहि विचारला गेला आणि विचारणें रास्तच आहे. त्याचें माझ्यापुरतें उत्तर असें कीं, जो सभासद सव्वीस-सत्तावीस वर्षें सभागृहाच्या दारानें आंत जाऊन तीच गोष्ट सांगत आला, त्याला रस्त्यावर उतरावें लागलें ह्याचा जाब आधीं सभागृहानें दिला पाहिजे. कायद्याच्या बाबतींत एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत संसदेनें भूसंपादन कायद्यांत दुरुस्ती केली, सक्तीच्या संपादनाबद्दलची भरपाई पंधरा टक्क्यांवरून तीस टक्के झाली, वर शेंकडा बारा दरानें जादा रक्कम ठरली, आणि निवाडा दोन वर्षांच्या आंत द्यावा असें बंधन आलें. ही दुरुस्ती सबंध देशासाठीं होती. जासईच्या गोळ्यांनीं ती झाली असें मी म्हणत नाहीं. पण विलंबाच्या ज्या अन्यायाविरुद्ध जासई उठली तोच अन्याय संसदेला त्या वर्षीं मान्य करावा लागला.

न्हावा-शेव्याचें बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. आणि ६ मार्च १९९० रोजीं महाराष्ट्र सरकारनें तो निर्णय काढला: नव्या मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदल्याशिवाय संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन द्यावी. २८ ऑक्टोबर १९९४ च्या निर्णयानें योजनेला सुधारित रूप मिळालें.

आतां हिशेब करून पाहूं. एका एकराचे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पांच गुंठे. त्यांतून सार्वजनिक सोयींसाठीं तीस टक्के वजा, म्हणजे दीड गुंठा गेला. हातीं राहिले साडेतीन गुंठे. त्यावर दीडपट बांधकामाची मुभा. एकरामागें साडेतीन गुंठे हें कोणाला थोडें वाटेल. वाशी-नेरूळच्या भावानें पाहिलें तर कोणाला फार वाटेल. तत्त्व मात्र नवें होतें. सरकार जमीन घेतें तेव्हां मालकाचें तिच्याशीं असलेलें नातें पैसे मोजून संपत नाहीं, हें एका राज्य सरकारनें लेखी कबूल केलें. २०१३ सालीं संसदेनें १८९४ चा कायदा रद्द करून जो नवा भूसंपादन कायदा केला, त्याच्या अनुसूचींत नागरीकरणासाठीं जमीन घेतल्यास विकसित जमिनीपैकीं वीस टक्के मूळ मालकांना देऊं करावी असें कलम आहे. त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही सप्टेंबर २०१३ मध्यें झाली. दि. बा. त्याच्या तीन महिने आधीं गेले होते.

योजनेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. निर्णय झाला म्हणजे भूखंड मिळाला असें नव्हे. वारसांची भांडणें, पात्रतेच्या याद्या, कार्यालयाचे उंबरठे आणि दलाल, ह्यांत वर्षें गेलीं. साडेतीन गुंठ्यांवर इमारत उभारण्याचें भांडवल शेतकऱ्यापाशीं कोठलें? पुष्कळांनीं तो भूखंड बांधकामवाल्याला दिला आणि बदल्यांत दोन-चार सदनिका घेतल्या. कित्येकांनीं हातीं येण्यापूर्वींच हक्क विकून टाकला. भूमिहीन मिठागर कामगार आणि मासेमार ह्यांच्यापर्यंत तर ह्या योजनेचा ओलावा फारच थोडा पोंचला. गांवठाणांभोंवतीं वाढत्या कुटुंबांनीं बांधलेलीं घरें अनधिकृत ठरलीं, हें आणखी एक दुखणें, आणि त्यासाठींहि दि. बा. भांडतच राहिले. भागीदारीचें तत्त्व मिळालें. भागीदार होण्याचें बळ मात्र सर्वांना मिळालें नाहीं.

उत्तर आयुष्यांत १९९९ सालीं त्यांनीं आपला जुना पक्ष सोडून शिवसेनेंत प्रवेश केला. चाळीस वर्षांहून अधिक काळ जो झेंडा धरला तो खालीं ठेवणें अनेक जुन्या सोबत्यांना रुचलें नाहीं, आणि मलाहि त्यांच्या चरित्रांतला हा भाग फारसा फलदायी दिसत नाहीं. गांवांशीं असलेला त्यांचा संबंध मात्र पक्षाबरोबर बदलला नाहीं. पनवेलच्या त्यांच्या घराचें नांव ‘संग्राम’. शेवटचा संग्राम विमानतळाचा होता. पनवेलजवळ सुमारें ११६० हेक्टरांवर नवा विमानतळ व्हावयाचा होता आणि उलवें, तरघर, कोंबडभुजें, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर इत्यादि दहा गांवांचीं घरेंच उठावयाचीं होतीं. पंचाऐंशी ओलांडलेले दि. बा. पुन्हां बैठकांना बसले. मागणी पुन्हां तीच: रोख नको, वांटा हवा. २४ जून २०१३ रोजीं ते वारले. त्यांच्या मागून त्या गांवांसाठीं साडेबावीस टक्के विकसित जमिनीची योजना ठरली.

विमानतळाला कोणाचें नांव द्यावें ह्यावरून पुढें जो वाद उठला तो श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. २०२१ सालीं सिडकोच्या संचालक मंडळानें बाळासाहेब ठाकरे यांच्या नांवाचा ठराव केला. त्यावर १० जूनला गांवकऱ्यांनीं मानवी साखळी धरली आणि दि. बां.च्या स्मृतिदिनीं, २४ जूनला, बेलापूरच्या सिडको भवनाला हजारोंनीं वेढा घातला. पुढल्या वर्षीं मंत्रिमंडळानें आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं दि. बा. पाटील यांच्या नांवाचा ठराव संमत केला. ज्या विधिमंडळांत ते नेहमीं समोरच्या बांकांवर बसले तेथें त्यांच्या नांवावर विरोधाचा सूर निघाला नाहीं, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच गमतीची वाटली असती.

८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें आणि २५ डिसेंबरपासून विमानें उडूं लागलीं. त्यासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली, उलवें नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि दहा गांवांचीं गांवठाणें उठलीं. तेथलीं कुटुंबें वडघर, करंजाडें आणि पुष्पकनगर येथील आपापल्या भूखंडांवर राहावयास गेलीं आहेत. जासईला दर १६ जानेवारीस आणि पागोट्याला दर १७ जानेवारीस लोक हुतात्म्यांच्या स्मारकापाशीं जमतात, आणि त्या जमावांत साडेबारा टक्क्यांची कोणाची फाइल कोठें अडली आहे ह्याची चौकशी अजूनहि चालते.